शांत वॉर्डातला समुद्र

डोळ्यांवर तो काळा डबा बांधून दर्शना सिस्टर स्टाफरूममध्ये बसली होती आणि बाहेर कुठल्यातरी पेशंटची बेल वाजत होती. ती उठायला लागली तसे आमचे ॲडमिन सावंत सर ओरडले, "सिस्टर, रिलॅक्स!"

पनवेलच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी मेल वॉर्डची इनचार्ज. म्हणजे सही माझी, शिव्याही मलाच. दुपारपाळीला आम्ही दोघीच. तिसरी सिस्टर द्या म्हणून मी सरांच्या केबिनचे उंबरठे झिजवले. मिळालं काय? हा काळा डबा, व्हीआरचा चष्मा! तो लावला की समोर समुद्र दिसतो, एक बाई गोड गोड बोलते आणि म्हणे ताण पळतो.

"स्टाफचा स्ट्रेस कमी झाला, की तिसरी सिस्टर लागणारच नाही," सर म्हणाले. घ्या!

इकडे दर्शनाचं उलव्याच्या एका क्लिनिकमध्ये बोलणं झालं होतं. तिसरी आली नाही तर ती चाललीच होती. तिच्यासारखी हलक्या हाताची मुलगी गेली असती तर मी मेलेच असते. म्हणून मनातल्या मनात म्हणत होते, देवा, हा चष्मा फसू दे रे.

तिच्या बोटाला चिमटा लावला होता. त्यात नाडीचे ठोके दिसतात. ठोके छान खाली येत होते आणि सर खुलत होते.

"सर, ड्यूटीवर आल्यापासून ती पहिल्यांदा खुर्चीला टेकलीय. म्हणून उतरतायत."

"डेटा बघा सिस्टर, डेटा!"

तेवढ्यात चष्म्यातली बाई म्हणाली, "आज सगळं शांत आहे. कुठेही घाई नाही."

दर्शनाने चष्मा खसकन काढला. ठोके एकदम वर. हे वाक्य वॉर्डात कुणी उच्चारत नाही. उच्चारलं की पेशंट येऊन आदळलेच. आम्ही सगळ्या सायन्स शिकलेल्या, पण हे पाळतो म्हणजे पाळतो.

चिडली की दर्शनाची मोरा बंदरावरची बोली बाहेर येते. "सर, समुद्र आमच्या दारात हाय! आमाला माणूस पायजे. आनि ही बया काय बोलली, आयकलंत ना?"

"अंधश्रद्धा!" सर हसले. वॉर्डात येऊन हात पसरून म्हणाले, "बघा, खरंच शांत आहे की नाही?"

अरे देवा, दुसऱ्यांदा!

फोन वाजला. नेऱ्याच्या फार्महाऊसवर हळदीचं जेवण बाधलं होतं. नवरदेवाचे काका, मामा, मित्र, सगळी पंगत पोट धरून वर आली. आम्ही दोघी पळतोय. याच्या शिरेत सुई, त्याच्या हनुवटीखाली भांडं. सर दारातच सापडले. मी सलाईनची बाटली त्यांच्या हातात दिली.

"उंच धरा. खाली आली तर नळीत रक्त चढेल."

"अहो, स्टँड कुठेय?"

"मागितलाय सर. तिसऱ्या सिस्टरबरोबरच."

एक मामा सरांच्या बुटांवर ओकले. सर हात बदलत उभे राहिले, काय करणार बिचारे! संध्याकाळी पंगत निवली तेव्हा मी तो चिमटा त्यांच्याच बोटाला लावला. "डेटा बघू या." आकडा भलताच वर होता. जाताना एवढंच म्हणाले, "घ्या तिसरी."

दर्शना राहिली. चष्मा मुलांच्या वॉर्डाला दिला. सुई टोचताना पोरं त्यात मासे बघतात. वस्तू चांगली आहे, फक्त आवाज बंद ठेवावा लागतो.

सर अजून राऊंडला येतात. काउंटरपाशी थांबून वॉर्डभर नजर फिरवतात, बोलायला तोंड उघडतात आणि आम्हा तिघींकडे बघून मिटतात.