पिंपळाला करवत

भिंत कोसळली आणि उजेड गेला. आधी वाटलं, मीच गेले. मग तोंडात माती आली, खोकला आला, म्हणजे जिवंत होते. शेजारी पोरगी ओरडत होती. तिचा डावा पाय दगडाखाली होता.

आम्ही दोघी बारवेच्या कोनाड्यात अडकलो होतो. कोनाडा म्हणजे विहिरीच्या दगडी भिंतीत ठेवलेली खोल जागा, दोन शेळ्या बसतील एवढी. कोनाड्याच्या तोंडावर पिंपळाचं झाड आडवं पडलं होतं आणि त्याच्याभोवती भिंतीचे दगड. एका बाजूला हात जाईल एवढी फट राहिली होती. तेवढाच उजेड, तेवढीच हवा.

चूक माझी होती, हे आधीच सांगते.

मी रोपवाटिकेत मजुरी करून म्हातारी झाले. शाळा चौथीपर्यंत. पण झाडाचं कळतं, म्हणून एका संस्थेनं गावातल्या तरण्या पोरापोरींची टोळी माझ्या हाताखाली दिली. रस्त्याच्या कडेला झाडं लावायची, जगवायची, वाळलेल्या फांद्या उतरवायच्या. उन्हाळ्यात त्यांनी जुनी बारव साफ करायला घेतली. पाथरी-मानवतच्या बाजूला अशा बारवा पुष्कळ आहेत. आमची कचऱ्यानं भरली होती. महिनाभरात पायऱ्या मोकळ्या झाल्या. राहिला तो भिंतीतला पिंपळ. मांडीएवढा जाड झाला होता आणि भिंतीचे घडीव दगड, चिरे, सुटायला लागले होते.

संस्थेकडून बघायला आलेले साहेब म्हणाले, बुंधा कापा, मुळांत औषध ओता, भिंत हलवू नका. बरोबर बोलले. पण टोळीतलं कोणीच पिंपळाला लोखंड लावेना. निम्म्यांच्या घरचा मुंजा पिंपळावर राहतो. आम्ही बौद्ध, आमचा तो बोधिवृक्ष. एरवी चहा कुठं प्यायचा यावरही या पोरांचं एकमत होत नसे. पिंपळावर झालं. आणि मीच म्हणाले, कापायचा नाही, मुळासकट जिवंत काढू आणि बसस्टँडच्या रस्त्याला लावू. सगळे खूश. शब्द फिरू नये म्हणून मी त्या दिवशी सगळ्या करवती, कुऱ्हाडी शेडमध्ये कुलपात ठेवायला लावल्या. मुळांनीच भिंत धरून ठेवलेली असते, हे मला माहीत होतं. तरी कुलपात ठेवायला लावल्या.

पोरांनी पायऱ्यांवर उभं राहून झाडाला दोर बांधला. मी आणि टोळीतली ही पोरगी कोनाड्यात शिरलो, आतून पहारीनं मूळ सैल करायला. ती अंगानं बारीक, म्हणून तिला घेतलं. पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे मैदानावर पळून मग कामाला यायची. पोरांनी दोर ओढला, झाड सुटलं, आणि त्याच्यासोबत भिंत आली.

"मावशी! जित्या हायेत का दोघी?" टोळीतला सगळ्यात दांडगा पोरगा विचारत होता, दोरावर पहिला असायचा तो.

"हाय. ओढू नका."

तोवर त्यांनी एकदा ओढलंच. डोक्यावरचा लांब चिरा करकरला. मी चाचपून बघितलं. झाडाचं एक मूळ, मनगटाहून जाड, अजून त्या चिऱ्याला विळखा घालून होतं. झाड ओढलं की चिरा सरकत होता.

"दोर सोडा! आधी मूळ कापावं लागतंय."

"मावशी, फायर ब्रिगेडला फोन केलाय. परभणीहून निघायलेत."

"ते येईस्तोवर हा चिरा थांबायचा न्हाई. करवत आन."

"करवती शेडात हायेत. चावी तुमच्यापाशी."

चावी माझ्या कमरेला होती. फटीतून बाहेर दिली. शेड गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो मोटारसायकलवर पळाला.

मग आम्ही बसून राहिलो. पाय लांब करायला जागा नव्हती. मान वर केली की चिरा लागत होता, म्हणून मी वाकूनच होते. पोरगी म्हणाली, "मावशी, बोटं कळंनात मला." मी म्हणाले, "हलवून बघ." "हलंनात." वरून माती गळायची, थांबायची, पुन्हा गळायची. थांबली की जास्त भीती वाटायची.

"भरती गेली माझी," ती म्हणाली.

"आधी भाईर तर पड."

मोटारसायकलचा आवाज आला. फटीतून मला त्या पोराचे पाय दिसले. ते हलेनात.

"लाव ना रे करवत!"

"पिंपळ हाय, मावशी. तुमीच म्हनला व्हता, लोखंड लावायचं न्हाई."

"म्हनले व्हते. चुकले. आता लाव."

"आईला कळलं तर घरात घ्यायची न्हाई."

पोरगी रडायची थांबली. "अरे भित्र्या, मुंजाला माझं नाव सांग! धरायचं तर मला धर म्हनावं. तसं तरी सुटन हितून!"

बाहेर कोणीतरी हसलं. पाय तरी तिथंच. बघते तर तो चपला काढत होता.

"काय करायलास?"

"पाया पडायलो."

"लेका, मागून पड!"

पातं फटीतून आत आलं. मी त्याचं मनगट धरून मुळावर टेकवलं. अंगठ्यापाशी धार होती, तरी हात सोडला नाही. करवत चालू लागली तसा पांढरा चीक माझ्या कपाळावर ठिबकला. अर्ध्यात पातं अडकलं. त्यानं ते काढलं, पुन्हा लावलं. शेवटचा तंतू तुटला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. चिरा जागचा हलला नाही.

मग झाड एकटंच ओढलं गेलं. दगड हातांनी काढले. पायावरचा दगड चौघांनी पहारी लावून उचलला. फायर ब्रिगेडची गाडी आली तोवर पोरगी पायरीवर झोपवलेली होती आणि तो पोरगा तिच्या डोक्यावर टॉवेलची सावली धरून उभा होता, अनवाणी.

परभणीच्या दवाखान्यात तिच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. भरतीत ती पळाली नाही. तिची आई माझ्याशी बोलत नाही. मीही तिच्या जागी बोलले नसते. पिंपळ पोरांनी बसस्टँडच्या रस्त्याला लावला. मी पाणी घातलं. तो फुटला नाही.

कोनाड्यात दोघी होतो. दोघी वाचलो.