मोहल्ल्याचे दादा

माझा थोरला भाऊ हा इंदूरच्या परदेशीपुऱ्यातला नामचीन गुंड आहे, असं कॅनडा सरकारच्या दप्तरी लिहिलेलं आहे. ते लिहून घेण्यासाठी मी स्वतः तीन दिवस कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. वास्तविक या गुंडाला सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. ती आई लावायची, आणि तेवढा वेळ तो हनुवटी वर करून, डोळे मिटून उभा राहायचा.

दादाचं डोकं सात-आठ वर्षांच्या वयात थांबलं, असं डॉक्टर म्हणाले होते. आमच्या घरात त्यासाठी एकच शब्द होता, ‘साधा’. ‘आमचा मोठा साधा आहे हो,’ असं आई म्हणायची आणि समोरची बाई लगेच समजून घ्यायची. मला या शब्दाचा भारी राग. साधं वरण असतं. चाळिशीला आलेल्या माणसाला ‘अंघोळ केलीस का?’ याचं उत्तर आठवून द्यावं लागत असेल आणि त्याला आपण साधा म्हणणार असू, तर मग अवघड कुणाला म्हणायचं?

पण राग करायला मी होते कुठे? लग्न झालं आणि नवऱ्यामागे मी कॅनडाला गेले. बाबा मिलमध्ये कारकून होते. ते गेल्यावर घरात आई आणि दादा दोघंच उरले. आईची निळी हवाईपत्रं यायची. वर सगळ्या गल्लीची खबरबात, कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाची म्हैस आटली, आणि अगदी तळाला, घडीच्या पट्टीवर, दर वेळी तेच वाक्य: माझ्यामागे याचं कोण? सहा वर्षं मी ते वाक्य वाचून पत्राची घडी घालून ठेवली. सातव्या वर्षी लाज वाटली. दादाला घेऊनच यायचं असं ठरवून, फॉर्मांचा गठ्ठा घेऊन मी इंदूरला उतरले. नवरा ‘जरा विचार कर’ म्हणाला होता. पण विचार करणारी माणसं आमच्या घराण्यात फारशी झालेली नाहीत.

कॅनडाच्या त्या वेळच्या कायद्यात दादासारख्यांना प्रवेशाची मनाईच होती. गुन्हेगार, वेडे आणि मंदबुद्धी, सगळे एकाच पंगतीला बसवलेले. मात्र खास परवानगीची एक फट होती. सांभाळायची हमी बहिणीने द्यायची, आणि हा माणूस निरुपद्रवी आहे असं त्याला ओळखणाऱ्यांनी लिहून द्यायचं. मला वाटलं, यात काय कठीण आहे! दादाने जन्मात एक झुरळ मारलेलं नव्हतं. झुरळ दिसलं की तो बाजूला होऊन त्याला वाट द्यायचा.

शिवाय दाखला द्यायला सगळी गल्ली एका पायावर तयार होती. तेव्हा नर्मदेचं पाणी इंदूरला आलेलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी म्युनिसिपालिटीचा एक नळ, त्याला पहाटे तास-दीड तास पाणी. पूर्वी तिथे रोज भांडणं व्हायची, घागरींनी डोकी फुटायची. मग केव्हातरी दादा तिथे जाऊन उभा राहू लागला. त्याला वीसच्या पुढे मोजता यायचं नाही, पण कुणाच्या बादलीमागे कुणाची घागर लागली हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच आठवायचं नाही. लोक लाइनीत आपलं भांडं, नाहीतर नुसती वीट ठेवून चहा प्यायला घरी जात. ती वीट म्हणजे तो माणूस. दादा विटेचासुद्धा नंबर चुकू द्यायचा नाही. वशिला नाही, ओळख नाही. खुद्द आईला त्याने एकदा ‘तू मागनं ये’ म्हणून परत पाठवलं होतं, आणि आई ते सगळ्यांना अभिमानाने सांगायची. आम्ही त्याला दादा म्हणायचो म्हणून गल्लीही दादाच म्हणायला लागली. लहान-थोर, मालवी-मराठी, सगळ्यांचा तो दादा.

मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी नळावर गेले. लाइनीत तिसऱ्या नंबरला वनस्पती तुपाचा एक पोचे आलेला डबा होता. त्याची पाळी आली, पण कुणीच पुढे आलं नाही. दादाने डबा नळाखाली धरला, काठोकाठ भरला, शेजारच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतला आणि पुढच्या बाईला हाक मारली. इथे पाण्याची मारामार, आणि हा झाडाला पाणी घालतोय! माझं टाळकंच सरकलं.

“हा कुणाचा डबा आहे?” मी ओरडले.

समोरच्या घरातल्या काकी कमरेवर घागर घेऊन उभ्या होत्या. त्यांचे यजमान मिलमध्ये होते आणि काकींचा आवाज मिलच्या भोंग्याच्या वरताण होता. “अरे बाई, तेरा ही तो है! तू गई तब से रोज लगता है. दादा बोलते हैं, वो आ जाएगी तो नंबर कहाँ से लाएगी?”

सहा वर्षं, रोज. मी दादाला ‘पाणी फुकट घालवतोस’ म्हणून झापलं आणि घरी येऊन मोरीत बराच वेळ तोंड धूत बसले. रडू आलं होतं. ते त्याला दाखवलं असतं तर तो घाबरला असता.

दाखला काकींच्या ओट्यावर लिहिला गेला. एक रिटायर मास्तर कागद-दौत घेऊन बसले आणि बाकीच्यांनी सांगायला सुरुवात केली.

“लिखो मास्साब, ये पूरे मोहल्ले के दादा हैं.”

“इनकी मर्जी के बिना नल पे कोई एक लोटा पानी नी भर सकता.”

“किसी की हिम्मत नी कि इनके सामने लाइन तोड़े.”

“और भिया, वो भी लिखो, पुलिसवाले तक इनको सलाम करते हैं.”

ते खरंच होतं. नाक्यावरचा हवालदार येता-जाता दादाला ‘राम-राम’ घालायचा. मला भरून आलं. इतकं कौतुक माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याचंही कुणी केलं नव्हतं. बारा सह्या झाल्या, चार अंगठे उठले, आणि दादाला मधोमध बसवून सगळ्यांनी चहा घेतला.

आता त्याचं इंग्रजी भाषांतर हवं होतं, शिक्क्यासकट. कचेरीच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर मांडून एक गृहस्थ बसायचे. त्यांचा जन्म फौजदारी खटल्यांचे कागद इंग्रजीत उतरवण्यात गेला होता. मराठीचा गंध नाही. ‘मोहल्ले के दादा’ हे शब्द त्यांनी हजार वेळा टाइप केले असतील, पण दर वेळी आरोपीच्या रकान्यात. दोन दिवस त्यांनी मला ‘कल आना’ सांगितलं, तिसऱ्या दिवशी कागद लाल फितीने बांधून हातात दिला. मी तो वाचला का? छे! फॉरेनहून आलेली बाई मी, मला इंग्रजीचं काय कौतुक? पाकीट पोस्टात टाकलं आणि राजवाड्यावर जाऊन उभ्या-उभ्या दोन कचोऱ्या खाल्ल्या.

महिन्याभराने दिल्लीहून, कॅनडाच्या कचेरीतून पत्र आलं. सोबत आमच्याच दाखल्याची प्रत. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कळलं की ‘ध’चा ‘मा’ झालेला आहे. इंग्रजी मजकुराचा अर्थ असा होता: हा इसम सदर वस्तीतील गुंड आहे. त्याच्या परवानगीवाचून तेथे कोणीही पाणी घेऊ शकत नाही. त्याला विरोध करण्याची कोणाची छाती नाही. पोलीसही त्याला दबून असतात. आणि त्याखाली सोळा शेजाऱ्यांनी आनंदाने शिक्कामोर्तब केलेलं. साहेबांनी अगदी नम्रपणे विचारलं होतं की, ‘निरुपद्रवी’ या शब्दाचा आपण काय अर्थ करता? अर्जदाराला घेऊन खुलाशासाठी हजर व्हावे.

आईला वाचून दाखवलं. ती आधी पदर तोंडात कोंबून हसली. मग हसता हसता थांबली. “बाई गं, आता नाही म्हणतील का ते? मग माझ्यामागे...” म्हणाली आणि पत्राची घडी घालू लागली. त्या वेळी मला त्या भाषांतरकाराच्या डोक्यात त्याचाच टाइपरायटर घालावासा वाटला, आणि दुसरा स्वतःच्या.

मी दादाला घेऊन दिल्ली गाठली. आईने त्याला बाबांचा कोट घातला होता, तो त्याला खांद्यात मोठा होता. साहेब गोरा, मध्यमवयीन, बाजूला हिंदीचा दुभाष्या. मी ‘दादा’ या शब्दावर व्याख्यानच दिलं. मराठीत थोरला भाऊ, हिंदीत आजोबा, आणि पोलीस ठाण्यात गुंड. साहेब इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला वाटलं, जिंकलो.

मग त्याने दादाला विचारलं, बहिणीकडे जायला आवडेल ना? दुभाष्याने ते हिंदीत सांगितलं.

दादाने उलट विचारलं, “वहाँ नल कित्ते बजे आता है?”

दुभाष्या कौतुकाने म्हणाला, “चौबीसों घंटे. हर घर में.”

“और लाइन?”

“लाइन तो होती ही नहीं.”

दादा विचारात पडला. बराच वेळ कोटाची बाही ओढत राहिला. मग माझ्याकडे वळून आपल्या मराठीत म्हणाला, “मग तिथं मी काय करू? तूच ये ना. तुझा नंबर तर लावलेलाच आहे.”

“काय म्हणाले ते?” साहेबाने मला विचारलं.

“विचार करतो आहे म्हणाला,” मी सांगितलं. सरकारदरबारी केलेलं हे दुसरं खोटं भाषांतर, आणि हे मी शुद्धीवर असताना केलं.

गंमत बघा, परवानगी आली. दादा नाही म्हणाला. रडला नाही, भांडला नाही, नुसता नाही म्हणाला आणि नळावर निघून गेला. आईने त्याच्यापुढे हात टेकले. मी एकटीच परत गेले. खरं सांगायचं तर विमानात बसल्यावर मला हायसं वाटलं. ‘त्यालाच यायचं नव्हतं’ हे वाक्य फार सोयीचं होतं, आणि मी ते दोन वर्षं मनसोक्त वापरलं.

दोन वर्षांनी आई गेली. तार माझ्या हातात पडली तोवर तिला जाऊन तीन दिवस झाले होते. पाठोपाठ काकींनी मास्तरांकडून लिहवलेलं पत्र आलं. सगळं रीतसर झालं, दादा जेवतात, नळावर जातात. तळाला, घडीच्या पट्टीवर, लिहिलं होतं: बटन मैं लगा देती हूँ, तू चिंता मत करना. मला संताप आला. काकींचा नव्हे, स्वतःचा. माझ्या भावाची बटणं शेजारीण लावत होती आणि वर मलाच धीर देत होती.

नवरा पुन्हा ‘जरा विचार कर’ म्हणाला. मी पुन्हा केला नाही. नोकरी सोडली आणि इंदूरला आले. नवरा वर्षभराने आला, कुरकुरत, आणि अजून कुरकुरतो.

पहाटेच्या गाडीने उतरले आणि घरी न जाता, उजाडायच्या आत मी थेट नळावर गेले. लाइन लागलेली होती. दादा नळापाशी उभा होता. काकींना अलीकडे कमी दिसायचं, त्यामुळे सदऱ्याची बटणं एकेक घर चुकलेली. आई गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदा भेटत होतो. मला वाटलं, तो धावत येईल, रडेल. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पहिली बादली भरली. दुसरी घागर भरली. मग त्याने तो पोचे आलेला डबा पायाने माझ्याकडे सरकवला.

“भर लवकर,” तो म्हणाला. “मागे लाइन आहे.”