आरशातला उजवा हात

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, पण सिद्ध करता न येणारी गोष्ट सांगायची की गिळून टाकायची? तुम्हीच ठरवा.

मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत वाढले. सेनगावच्या बाजारात भगताशी भांडलेली मुलगी आहे मी. चमत्कार तेव्हाही मानत नव्हते, आजही मानत नाही... म्हणून तर हे लिहायला इतका उशीर झाला.

२००५ चा हिवाळा. पुसेगावजवळच्या वस्तीवर माझ्या वडिलांना — आबांना — अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात लुळा पडला. आमची मेंढरं. संध्याकाळी आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीला आबा उजवा हात लावायचे, मगच फाटक लागायचं. झटक्यानंतर त्यांनी डावा पुढं केला, तर माय म्हणाली, "डाव्यानं नका जी. त्यापरीस राहू द्या." आबा पुन्हा तिकडं फिरकले नाहीत.

हिंगोलीला एक फिजिओथेरपिस्ट मॅडम होत्या. झटक्यानंतर हात परत कसा आणता येईल, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. त्यांनी आरसा दिला. तो छातीसमोर मधोमध उभा ठेवायचा, लुळा हात त्याच्यामागं, चांगला पुढं. डावा हलवला की आरशात उजवा हलताना दिसतो, त्यातून मेंदू हळूहळू शिकतो. "सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे," त्या बजावायच्या. ते महिने हातचे जातील या धास्तीनं मी आबांना रोज बसवायचे.

त्या दिवशी ऊन उतरलं होतं. भिंतीपलीकडं दादा मेंढरं आत घेत होता. आबांचा डावा हात पाटावर सपाट पडलेला.

"आबा, बोटं हलवा की."

ते आरशात बघत राहिले. मीही पाहिलं... आरशातला हात हलत होता. उठायचा, टेकायचा, पुन्हा उठायचा — खालून एकेक पाठ सरकत असल्यासारखा.

मी डाव्या हाताकडं पाहिलं. तो स्थिर. मागचा उजवा धरला. गार, ढिला. आरशात मात्र चालूच.

मग तो हात हवेतच थांबला. आबा अडखळत म्हणाले, "लंगडी... आली न्हाई."

दादा फाटक लावून आत आला. "समदी आली आबा. उगं जिवाला तकलीफ काहून देता?"

"जा. बघ."

तो कुरकुरत गेला आणि लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन आला. ओढ्याकाठच्या काट्यांत अडकली होती. मला म्हणाला, "घे, काढ आता याचं पत्रक."

मॅडम म्हणाल्या, डोळ्यांचा थकवा, भास. असेल. लंगडी आली नाही हे आबांनी पावलांच्या आवाजावरून ओळखलं असेल, असंही मी स्वतःला समजावलं. पण आरशातल्या त्या हाताचं उत्तर माझ्याकडं अजूनही नाही. आबांची बोटं पुढं थोडी उघडली, पेला धरण्याइतकी. त्यामागं महिनोन्‌महिन्यांची मेहनत होती.

दादानं मात्र गोष्ट गावभर केली. एक दिवस शेजारच्या गावातली जीप दारात उभी राहिली. आत तोंड वाकडं झालेली बाई. झटका सकाळीच आलेला. तिचा नवरा म्हणाला, "ताई, तेवढा आरसा दाखवा." हिंगोलीच्या दवाखान्यात जायची जीप आमच्या दारात आली होती. मी ओरडून ती दवाखान्याकडं वळवली. ती बाई वाचली का, मला कधीच कळलं नाही.

म्हणून विनंती आहे. ही गोष्ट कुणाला सांगाल तर आधी दवाखाना सांगा, मग आरसा. आणि तुमच्या घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर त्याच क्षणी गाडी काढा. आमच्या दारी थांबू नका.