बापाचा आवंढा

तोंड चालवणं हा माझा धंदा आहे. या तोंडानं बोलायचं आता काय शिल्लक राहिलं असेल, असं तुला वाटेल. पोरींवर प्रेम करते हे बोलले — स्टेजवरून, चांगलं मोठ्यानं, वऱ्हाडीत. पुढाऱ्यांना बोलले, मला सुधारायला आलेल्या मावशीला तर यमक जुळवून बोलले. पण ही एक गोष्ट आजवर कुणापाशी काढली नाही. निखिलला, म्हणजे माझे बीट बनवणाऱ्या पोराला, अर्धी माहीत आहे. मायला पूर्ण माहीत आहे, पण ती काही मी सांगितली म्हणून नाही.

मी ‘ठसका’ या नावानं रॅप करते. गाव शेलूबाजारच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत. बापाचा भाजीपाला — मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, वांगी, मिरची. पोस्टरवर लिहितात, ‘वाशिमची पहिली लेस्बियन रॅपर’. पहिली की पाचवी, मोजायला कोण गेलंय? पोस्टरवाल्यांना पहिलीच लागते. मोठ्या कंपनीनं बोलावलं होतं, मी गेले नाही. गाणं माझं, शब्द माझे, डोक्यावर कुणाचा हात नाही — इंडिपेंडंट! हे मी इतक्या ठिकाणी इतक्या तोऱ्यात सांगितलंय की सांगताना आता माझी मान आपोआप वर होते. काय ती मान!

आमच्या हिपहॉपात सगळं चालतं. शिव्या चालतात, मस्ती चालते, एकमेकांची आई-बहीण काढलेली चालते. एकच चालत नाही — जे जगला नाहीत ते गाणं. असं करणाऱ्याला आम्ही फेक म्हणतो. पुण्यात एक पोरगा होता, बंगल्यात राहायचा आणि झोपडपट्टीची गाणी म्हणायचा. त्याच्यावर मी अख्खं गाणं केलं. त्याची आई त्याला डब्यात काय देते इथपर्यंत सगळं काढलं. लोकांनी डोक्यावर घेतलं मला. त्या पोरानं पुढे गाणंच सोडलं म्हणतात. मी तेव्हा काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, बरं झालं, घाण कमी झाली.

तर आता माझी घाण.

मी बाबाला सांगितलं ते मेथीच्या जुड्या बांधताना. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी आठवडाभर शब्द जुळवत होते, आणि शेवटी जे तोंडातून निघालं ते अगदीच बावळट होतं. उज्ज्वला म्हणून एक पोरगी आहे, मी तिच्यासोबत राहणार आहे, मैत्रिणीसारखी नाही, तशी. बापानं हातातली जुडी बांधून पाटीत ठेवली. मग म्हणाला, “म्हंजे पोरासंग लगन नाई करत तू.” मी नाही म्हटलं. “काय करते ते पोरगी?” म्हटलं, अकोल्याला नर्सिंग शिकते. “चांगलं हाय. घरात एक त दवाखान्याचं मानूस पायजे,” आणि माझ्या हातातली जुडी घेऊन पाहिली, “हे सैल बांधली तुनं. सोड, परत बांध.”

झालं. एवढंच. नंतर तो मायला काय बोलला, दोघं किती दिवस गप्प होते, मला माहीत नाही. माझ्यावर कुणी आवाज चढवला नाही. मी परत बांधली जुडी.

आता तूच सांग, यावर गाणं होतं का? एखाद्या पोरीच्या नशिबी याहून मोठं काही येत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. पण बीटवर बसत नव्हतं ना! मेथीवर कोण हात वर करून नाचतं?

पुण्यातल्या पहिल्या मुलाखतीत त्या बाईंनी मान तिरकी केली, आवाजात साखर घातली आणि विचारलं, “घरी कळल्यावर... खूप त्रास झाला असेल ना?” त्यांचे डोळे आधीच भरून आले होते. अगदी तयारीत बसल्या होत्या. वाशिम म्हटलं की यांना आधी कर्ज दिसतं, मग कुऱ्हाड घेतलेला बाप दिसतो. मेथीची जुडी यांना दिसत नाही, त्यांना ती पिशवीत घालून मिळते. मला त्या बाईंची इतकी शिसारी आली की काय सांगू! आणि शिसारी येत असतानाच मी म्हटलं, “हो. बाबांनी घराबाहेर काढलं.”

त्यांनी माझा हात धरला. मी धरू दिला.

मग ‘कडी’ हे गाणं आलं. ऐकलं असशील, मी ज्यावर आज पोट भरते ते.

कडी लावली आतून बापानं,
रात काढली म्या गोठ्यात तापानं.

गोठा! आमच्याकडे गोठा नाही. दाराला कडीसुद्धा नव्हती, रात्री आतून वीट टेकवून ठेवायचो. पण कडी यमकाला वजन देते, विटेला कोण विचारतं? गाणं चाललं. असं चाललं की महिन्याभरात लोक मला रस्त्यात ओळखू लागले. पोरींचे मेसेज यायला लागले — ज्यांना खरंच काढलं होतं त्यांचे. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची होती, भावानं दोन रात्री बाहेर ठेवलं होतं. तिनं लिहिलं, ताई, तुझं गाणं ऐकलं म्हणून मी जीव दिला नाही. मी तिला लाल बदाम पाठवला. तिच्या जखमेची मी नक्कल केली होती, आणि ती माझेच आभार मानत होती.

इथपर्यंतचं ऐकून तू म्हणशील — चालतं, तरुण होतीस, प्रसिद्धीची हाव असते. थांब. मला माफ करायची एवढी घाई करू नको. मी अजून मुद्द्यावर आलेच नाही. फिरते आहे मघापासून, तुला दिसतंय.

गाणं गावात पोचलं. पोचणारच होतं, गावात फोन नाहीत की काय? बाजारात पोरं वाजवायला लागली. रस्त्यानं जाणारे येणारे आमच्या घरापाशी थांबून फोटो काढायला लागले. कुणीतरी बाबाला विचारलं, ती कडी कुठं आहे? — आणि मग एक दिवस कॅमेरा घेऊन दोन पोरं आली. क्रांतिकारक. ओटीवरच माझ्या बापाला उभं केलं, तोंडासमोर माईक धरला आणि विचारलं, “काका, स्वतःच्या मुलीला घराबाहेर काढताना लाज नाही वाटली?”

तो व्हिडिओ मी पाहिला. पुष्कळदा पाहिला. बाप कॅमेऱ्याकडे बघत नाही. वांग्याच्या पाटीला हात पुसतो. मग एक आवंढा गिळतो — गळ्याची घाटी वर जाऊन खाली येताना दिसते, आवाजही येतो, माईक इतका जवळ होता — आणि म्हणतो, “हाव. काढलं म्या.”

माझा बाप खोटं बोलत नाही. बाजारात शिळी मेथी शिळी म्हणून विकतो. लोक हसतात त्याला. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा खोटं बोलला तो, आणि तेही कॅमेऱ्यासमोर.

मायचा फोन आला. ती रडत नव्हती, तिचा आवाज कोरडा होता. “लोकायसमोर पोरीले खोटी कशी पाडू, म्हने. लोहाराकून कडी बी बसवून घेतली त्यानं दाराले. आता तूच बोल. तुहं तोंड त लय चालते.” मी हो म्हटलं. म्हटलं, बोलते माय, लवकरच बोलते.

व्हिडिओखाली लोकांनी माझ्या बापाला काय काय लिहिलं होतं ते मी इथं सांगणार नाही. बाईमाणसांनी लिहिलं होतं, शिकलेल्यांनी लिहिलं होतं, माणुसकीवर बोलणाऱ्यांनी लिहिलं होतं. मला सगळ्यांचा तिटकारा आला. आपण किती नीच लोकांसाठी गातो असं वाटलं.

आणि मग मी निखिलकडे गेले आणि म्हटलं, या व्हिडिओतला आवाज काढून दे.

आलं आता. हे ते.

निखिलला वाटलं, मी व्हिडिओ इंटरनेटवरून हटवायला सांगते आहे. मी म्हटलं, नाही रे, हुक करायचा आहे. ‘हाव, काढलं म्या’ — गाण्यात मधे मधे परत येणारी ओळ. कसली ओळ आहे! त्यानं विचारलं, “हा तुझ्या बाबांचाच आवाज आहे ना? नक्की?” मी म्हटलं, नक्की. मागे पाखरं ओरडत होती, ती साफ करायला लावली. माय आतून भांडं आपटते, तेही काढायला लावलं. निखिलनं आवंढाही काढला होता, त्याला तो कचरा वाटला. मी म्हटलं, तो ठेव. तो आवंढा ठेव, त्याच्यावरच ड्रम पडू दे.

कळतंय ना तुला? मला माहीत होतं तो काय गिळत होता. जगात तीन-चारच माणसांना माहीत होतं, आणि त्यातली एक मी होते. त्या आवंढ्यात मेथीची जुडी होती, उज्ज्वलाची नर्सिंग होती, सगळं खरं त्यानं माझ्यासाठी तिथं गिळलं. आणि मी ते ऐकून म्हटलं, ठेव, छान वाटतंय. कुणी बळजबरी केली नव्हती. कंपनी नव्हती, मॅनेजर नव्हता, साखर घातलेल्या बाई नव्हत्या. इंडिपेंडंट होते ना मी.

ते गाणं ‘कडी’पेक्षा मोठं झालं.

आता बाप शेलूबाजारला भाजी घेऊन बसत नाही. पूर्वी त्याची हाळी अख्ख्या बाजारात ऐकू यायची — श्वास कुठं घ्यायचा, कुठं शब्द ओढायचा, कुठं तोडायचा, हे मी त्याच्या बाजूला पोत्यावर बसून शिकले. माझा सगळा फ्लो त्याचा आहे. मुलाखतीत मी अमेरिकेतल्या रॅपरांची नावं घेते. तर तो बसत नाही. तो तोंड उघडतो तेव्हा कुणीतरी मागून ‘हाव, काढलं म्या’ म्हणतं आणि बाजार हसतो. माल तो व्यापाऱ्याला देऊन टाकतो, जो भाव मिळेल त्या भावात. उज्ज्वलानंही मला सोडलं. तिनं कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मूर्ख नव्हती ती.

तुला यावर काही म्हणायचं असेल तर तुझं तू म्हण. मला काही नको. एवढंच सांगायचं राहिलं आहे.

यंदा अकोल्याला एका कॉलेजच्या गॅदरिंगला माझा कार्यक्रम होता. मैदान भरलेलं. हुक सुरू झाला, आणि मला स्पीकरच्या खोक्याजवळ बाप दिसला. इस्त्रीचा शर्ट, हातात वायरची पिशवी. एसटीनं आला असणार. त्याचा आवाज त्याच्याच डोक्यावरून मैदानभर जात होता, आवंढ्यासकट, आणि आजूबाजूची पोरं मुठी उगारून त्या आवाजावर थुंकल्यासारखं ओरडत होती. कुणालाही माहीत नव्हतं तो कोण. मी गाणं थांबवू शकत होते. मी कडवं म्हटलं, मग दुसरं म्हटलं, मग माईक लोकांकडे धरला.

कार्यक्रमानंतर पोरापोरींचा गराडा पडला, सगळ्यांचे फोन माझ्यावर. कॉलेजची एक मुलगी बाबाला घेऊन आली आणि म्हणाली, “हे मघापासून थांबलेत, तुम्हाला भेटायचंय म्हणतात. कोण आहेत हे?”

बाप माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडाकडे.

मी म्हटलं, “आमच्या गावचे आहेत.”

तो जरासा मागे सरकला. मग त्यानं पिशवी माझ्या पायापाशी ठेवली आणि अगदी परक्या माणसाशी बोलावं तसं, जपून, म्हणाला, “कार्यक्रम बेस झाला, मॅडम. मिरच्या हायत, घरच्या.”

सगळे फोन चालू होते. मी हसले आणि म्हटलं, “थँक्यू, काका.”