जागेने नाही म्हटलं होतं

आमच्या बेटाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मास्तरीण आहे. पाड्यातल्या लोकांचा समज असा की ज्याला फळ्यावर लिहिता येतं त्याला काहीही लिहिता येतं. मी मोखाड्यात भाड्याच्या खोलीत राहते, तिसरीच्या पोरांना पाढे शिकवते आणि सुट्टी मिळाली की जीपने धरणापर्यंत आणि तिथून होडीने घरी जाते. बेट म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. आमची आपली एक साधी टेकडी होती. धरणाचं पाणी चारी बाजूंनी चढलं आणि माथा तेवढा वर राहिला. त्यावर आज अकरा घरं आहेत.

गेल्या हिवाळ्यात कागद आला. बेटावर कोण कधीपासून राहतं याची चौकशी होणार होती. पाणी आलं तेव्हापासून आम्ही इथंच आहोत आणि ही जागा आमची आहे, असं एखाद्या जुन्या माणसाने कचेरीत समक्ष सांगायचं, म्हणजे घरजागा नावावर होणार. तसं कुणी सांगितलं नाही तर अकराही घरं उठवून रस्त्याकडेच्या माळावर पत्र्याच्या खोल्यांत नेणार. तो माळ आम्ही पाहिलेला होता. नुसता मुरूम. तिथं भात-नाचणी सोडाच, गवतही धड उगवत नाही. तेव्हा पाड्याचं एकमताने ठरलं की बेट सोडायचं नाही. एकमताने असं मी लिहिलं खरं, पण काकाला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

काका म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ. आमच्यात काकाला अहोजाहो करत नाहीत. केलंच तर आपल्या हातून काय चुकलं, असं त्याला वाटतं. खालच्या, आता पाण्यात गेलेल्या पाड्यातून वर चढलेल्यांपैकी तो एकटाच उरलाय. दात गेलेत, ऐकायला कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. कचेरीत बोलायचा मान त्याचाच होता. कचेरीत जायच्या आधी सगळा इतिहास कागदावर नीट उतरवावा म्हणून मी वही घेऊन त्याच्यासमोर बसले. तो अंगणात बांबूच्या कामट्या सोलत होता.

नवीन ठिकाणी घर बांधायचं तर आमच्यात आधी जागेला विचारतात. जमीन सारवून तांदळाचे सात दाणे मांडायचे, वर टोपली उपडी घालायची आणि सकाळी उचलून बघायचं. दाणे होते तसे सापडले तर जागेने आपल्याला घेतलं. एक जरी कमी झाला तरी सामान उचलायचं आणि दुसरी जागा शोधायची. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आमच्या टेकडीने सातही दाणे राखले, हेही ठाऊक होतं. पाड्यातल्या प्रत्येक लग्नात म्हाताऱ्या ते सांगायच्या.

"सात नव्हते," काका म्हणाला. "चार व्हते."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "मुंग्यांनी नेले असतील."

"मुंग्यांनीच नेले. जागा काय हातानं उचलंल का?"

मी विचारलं, "मग राहिलात कशाला?"

"पानी उखळापोत आलं व्हतं, पोरी. जायाचं कुठं?"

टोपली उचलायला आजोबा आणि दोन पुरुष गेले होते, आणि त्यांच्या मागे लहानगा काका. खाली येऊन आजोबांनी बायकांना सांगितलं, सात आहेत, चला. काकाला तेव्हाच दटावलं होतं आणि त्याने ते आयुष्यभर पोटात ठेवलं. त्यानंतर जागेने काय काय घेतलं ते तो एकेक करून सांगत गेला. होडी उलटून माझा बाप गेला. चुलीपाशी साप निघून पाड्यातली एक सून गेली. दर पावसाळ्यात खालची कड थोडी थोडी ढासळते, आणि एके वर्षी एक अख्खा गोठा बैलासकट पाण्यात गेला. सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता. मला मात्र त्याचा राग आला, कारण हे ऐकल्यावर ते नसल्यासारखं वागणं मला जमणार नव्हतं. वहीत मी लिहिलं, 'पूर्वजांनी रीतीप्रमाणे जागेची निवड केली.' आणि वही मिटली.

कचेरीत साहेब चांगला होता. घाटावरचा, नवखा, पण काकाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. आमची घरची बोली त्याला कळत नव्हती, म्हणून मी मधे उभी होते.

"बाबा, ही जागा तुमची आहे ना?" साहेबाने विचारलं.

मी ते काकाच्या कानात मोठ्याने सांगितलं. काका ताठ बसला आणि घरच्या बोलीत, बोळक्या तोंडाने, भराभर बोलला. त्याचं म्हणणं मराठीत असं होतं: ही जागा आमची नाही. तिने आम्हाला घेतलं नव्हतं, आम्ही जबरदस्तीने बसलो. आता सरकारने आम्हाला इथून न्यावं, माळावर नेलं तरी चालेल.

सरकारपुढे असं सांगणारा माणूस आमच्याच डोंगरात सापडायचा. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. बाहेर अकराही घरांची माणसं उन्हात उकिडवी बसली होती. त्यांत काकाचा मुलगा आणि सूनही होती.

"ते म्हणतात, जागा आमचीच आहे," मी हळू आवाजात म्हणाले. "पाणी आलं तेव्हापासून इथंच आहोत. कुठंही जायचं नाही."

साहेबाने ते लिहून घेतलं. अंगठा लावायच्या आधी काकाने हात मागे घेतला आणि मला म्हणाला, काय लिवलंय ते वाचून दाखव. मी कागद हातात घेतला. त्यावर जे होतं ते वाचलं नाही. काका जे बोलला होता तेच त्याला त्याच्या बोलीत म्हणून दाखवलं, शब्दसुद्धा न बदलता. बोट ओळींवरून फिरवत होते. त्याने मान हलवली आणि इतका जोर लावून अंगठा उठवला की शाई खालच्या कागदावर उतरली.

परत येताना त्याने बाजारात गूळशेव घेतली आणि जीपमध्ये अनोळखी पोरांनाही वाटली. इतकं हलकं झालेलं त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. मला माझी लाज वाटत होती आणि अकरा घरं वाचली याचं समाधानही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

वैशाखात कागद आला. जागा नावावर झाली. पाड्यात कोंबडी कापली, काकाची सून माझ्या गळ्यात पडून रडली. काका तेव्हा घरात झोपलेला होता, किंवा मी तसं मानून घेतलं आणि त्याला न भेटता परतले.

शाळा सुरू व्हायच्या आधी त्यानेच बोलावणं धाडलं. मी गेले तर सगळ्यांच्या शेतात रोपासाठी पालापाचोळा भाजून राब तयार होते, काकाचा तुकडा तसाच कोरा. तो मला घरामागे घेऊन गेला. तिथं जमिनीला भेग पडली होती. त्याच्या परड्यातून निघून शेजारच्या दोन घरांच्या मागून ती सरळ कडेपर्यंत गेली होती. मी वाकून हात घातला, तो मनगटापर्यंत आत गेला. आतली हवा गार होती. खाली पाणी अजून बरंच दूर होतं, पण ते उन्हाळ्यामुळे.

"मुलाला दाखवलंस?" मी विचारलं.

"तो म्हनं, दर साल पडतं. तो म्हनं, कागद आला, आता अठंच ऱ्हायाचं." काका हसला. "त्याला काय वाचता येतं? मी काय सांगितलं ते तुला ठावं. तूच वाचून दाखवलंस."

दारात त्याचं सामान बांधून ठेवलेलं होतं. एक पत्र्याची पेटी, घोंगडी, दोरीने आवळलेली दोन पातेली. ते सोडायला तो सुनेला हात लावू देत नव्हता. पूर्वेकडे ढग चढायला लागले होते, होडीवाला मला हाका मारत होता.

"पावसाच्या आधी येतील ना न्यायला?" काकाने विचारलं.

मी त्याच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने हो म्हणाले.