दगडी कांड्या सांभाळणारे काका

माझे काका दगड सांभाळायचे. जमिनीत खोल भोक पाडून काढलेल्या दगडी कांड्या लाकडी पेट्यांत लावायच्या, वरची वर, खालची खाली, म्हणजे सगळ्यात जुना काळ तळाशी. चाळीस वर्षांत एक कांडी इकडची तिकडे झाली नाही, हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

काकांच्याच भूगर्भ खात्याच्या ऑफिसात मी टायपिंग करते. काळाची नावं मला काकांनीच शिकवली. युरोपातल्या ज्युरा डोंगरातल्या दगडांवरून नाव पडलं, म्हणून त्या वयाचा दगड जगात कुठेही सापडो, तो ज्युरासिक. "सून कितीही वर्षं नांदली तरी माहेरच्या गावावरूनच ओळखतात, तसं," काका म्हणायचे. आणि काळाची हद्द? "वर्षं मोजून नाही ठरवली गं शास्त्रज्ञांनी. कुठले जीव दगडात दिसेनासे होतात ते बघितलं, तिथे रेघ मारली."

यंदा आमच्या भूगर्भतज्ज्ञ बाईंच्या हाती घबाडच लागलं. एका भोकाच्या कांड्यांत खालच्या पेटीत शिंपले, तिच्या वरच्या पेटीत आधी एकही शिंपला नसलेला कोरा दगड, आणि त्याच्या वर पुन्हा तेच शिंपले. नाहीसे झालेले जीव परत आले, असा शोधनिबंध त्यांनी लिहिला. बाईंना विचारून मी तो कौतुकाने काकांना वाचून दाखवला. वरच्या पेटीचा नंबर त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. "ती वरची पेटी मी उलटी भरलीय. नऊ वर्षांपूर्वी."

मला रागच आला. निवृत्तीला महिना उरला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवायला काय जात होतं?

"इतकं नक्की कसं आठवतं?" बाईंनी विचारलं.

"बायको गेली त्याच आठवड्यात भरली. घरात बसवेना म्हणून कामावर आलो होतो. वरचं टोक कुठलं, खालचं कुठलं, काही सुचतच नव्हतं."

बाई रागावल्या नाहीत. दोघांनी मिळून कांड्या काढल्या आणि फिरवून लावल्या. शिंपले खाली गेले, वरचा दगड कोरा राहिला. बाईंचं दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं होतं.

"मग दोन दिवस बोलला का नाहीत?" त्यांनी हळूच विचारलं.

काकांनी बाहीने कोऱ्या दगडावरची धूळ पुसली.

"गेलेले परत आले, असं तुम्ही लिहिलं होतं," ते म्हणाले. "दोन दिवस खरं मानून बघितलं."