एकदांडीला आवतण

आमच्या घराण्यात एकदांडीच्या पाल्यानं इतक्या जखमा बुजल्या, की छावणी भागातल्या एका डॉक्टरनं दवाखाना मोडून रसवंती टाकली. वडिलांनी तर म्हशीची तुटलेली शेपटी हा पाला चोळून जागेवर बसवली होती. पटत नसेल तर म्हशीला विचारा. ती गेली असेल तर तिच्या नातीला.

अशा घरातली पोरगी फार्मसीला गेली, यात नवल ते काय? प्रकल्पाला तिनं एकदांडीच घेतली. उंच दांड्यावर एकच पिवळं-पांढरं फूल येतं ते रानटी रोपटं. खरचटलं की आपण त्याचाच रस पिळतो. त्यात टॅनिन असतं, त्यानं जखम आवळते, रक्त थांबतं. ते टॅनिन तिला प्रयोगशाळेत दाखवायचं होतं. पण ऐन मे महिना, सगळीकडची एकदांडी करपलेली. नमुना मुळाफुलासकट हवा, रस्त्याकडेचा चालणार नाही, आणि परवापर्यंत दिला नाही तर टर्म बुडाली.

हिरवी उरली होती ती शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या कंपनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, गळक्या टाकीखाली. औषधाला पाला न्यायचा तर आदल्या दिवशी झाडाला आवतण द्यायची आमच्याकडं रीत आहे. संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर मी हळदकुंकू वाहिलं, सुपारी ठेवली. म्हटलं, "बाई, उद्या माझी लेक न्यायला येईल. सगळ्या गुणांनिशी ये."

घरी सांगितलं तर लेक हसली. "पप्पा, टॅनिनला आमंत्रण लागत नसतं."

सकाळी दोघं गेलो तर प्लॉटची पार हजामत झालेली. मोठे साहेब येणार म्हणून पहाटेच गवत कापायला माणसं लावली होती. लेकीचा चेहरा उतरला. पण टाकीखालचा हिरवा तुकडा तेवढा तसाच उभा, आणि माणसं लांब बसून बिड्या ओढत होती.

"तिथलं का ठेवलं?" मी मुकादमाला विचारलं.

"तुम्हीच कापा की," तो म्हणाला. "कुणीतरी भानामती केलीय. कुंकू हाय, सुपारी हाय. आमच्या लेकराबाळांकडं कोण बघंल?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं.

ती सरळ गेली आणि खुरप्यानं रोपं मुळासकट काढू लागली. मागं कुणीतरी देवाचं नाव घेतलं. परत येताना ती मुकादमाला म्हणाली, "काका, भानामती नाय. आमच्या पप्पांनी झाडाला आवतण दिलं होतं."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग तसं सांगायचं ना राव. आमची आई बी द्यायची."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या खिडकीला नाक लावून उभा होतो. लेकीनं अर्कात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले आणि नळी हिरवीकाळी झाली, म्हणजे टॅनिन सापडलं. परीक्षकांनी मान डोलावली. तसला रंग अजिंठ्याच्या भिंतीवरही नाही. असता, तर उडाला नसता.